दुसरीचा वर्ग, ऱ्हस्व-दीर्घ आणि स्लाइड: मुलं बघून बरोबर लिहितात, श्रुतलेखनात चुकतात

रेघोटी (निलंगा)
जिल्हा परिषद शाळा, दुसरीचा पट 24. टीव्हीवर स्लाइड लावून शुद्धलेखन घेते. शब्द एकेक अक्षरानं यावा म्हणून अ‍ॅनिमेशन दिलं की वेलांटी सुटी पडते, कधी टिंबांचं वर्तुळ दिसतं. लॅपटॉपवर नीट दिसणारी फाइल शाळेच्या टीव्हीवर नुसते चौकोन दाखवते. आणि मुख्य अडचण ही, की समोर बघून सगळे बरोबर लिहितात, पण दुसऱ्या दिवशी श्रुतलेखनात 'तुर', 'मुग', 'तिळ'. काय बदलू?

खटका (परभणी)
मॅडम, अक्षरवार अ‍ॅनिमेशन देवनागरीला लावूच नका. 'कि' लिहिताना संगणक आधी क घेतो, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी क च्या आधी, डावीकडे येते. ही जोडी तोडली की ते वर्तुळ येतं. प्रत्येक अक्षराची वेगळी चौकट करा: कि, ता, ब. जोडाक्षर एकाच चौकटीत. रंगही नुसत्या वेलांटीला देऊ नका, अख्ख्या अक्षराला द्या.

चौकोन येऊ नयेत म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत हवं. विंडोजवर पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं फॉन्ट एम्बेड करायची, म्हणजे फाइलमध्येच बसवायची खूण असते, ती करा. पण पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावत असाल तर तिचा भरवसा नाही. स्लाइड चित्र म्हणून साठवा आणि अ‍ॅनिमेशनच्या प्रत्येक टप्प्याची वेगळी स्लाइड करा. 'किताब'च्या तीन स्लाइड होतील, पण मोडणार काहीच नाही.

फॉन्ट निवडताना 'लाल शाळा' टाइप करून बघा. शासन निर्णयानुसार मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा. मंगल फॉन्टमध्ये दोन्ही हिंदी वळणाचे येतात. पुस्तकात एक ल आणि टीव्हीवर दुसरा, हे दुसरीच्या पोरांना फार जड जातं.

तिफण (औसा)
ताई, शब्द समोर असताना लिहिणं ही नक्कल झाली, त्यात कान आणि आठवण कामालाच लागत नाहीत. शब्द दिसायचा आणि झाकायचा, मग लिहायचं.

एका शब्दाला चार स्लाइड. पहिलीवर फक्त तिळाचं चित्र, मुलांनी शब्द मोठ्यानं म्हणायचा, 'ती' लांबवून. दुसरीवर 'तीळ', 'ती' लाल, मुलांनी हवेत गिरवायचं, पाच सेकंद. तिसरी पूर्ण कोरी, आता पाटीवर लिहायचं. चौथीवर पुन्हा 'तीळ', ज्यानं त्यानं आपलं तपासायचं. चूक असेल तर तेवढंच न खोडता अख्खा शब्द पुन्हा लिहायचा. स्लाइड आपोआप पुढे जायला वेळ लावू नका, शेवटची पाटी वर झाली की मगच क्लिक. दिवसाला पाच शब्द बास. आणि 'तिळ' असा चुकीचा शब्द फुली मारूनही पडद्यावर आणू नका. लहान मुलांच्या डोळ्यांत तोच बसतो.

स्लाइडची खरी ताकद जोडीत आहे. डावीकडे 'तीळ', क्लिक केलं की उजवीकडे 'तिळाचा लाडू'. तूर – तुरीची डाळ, मूग – मुगाची उसळ, ऊस – उसाचा रस. घरातले, शेतातलेच शब्द. दीर्घाचा ऱ्हस्व होताना मुलांना दिसतो. नियमाचं नाव दुसरीत घेऊच नका.

रेघोटी (निलंगा)
जोड्या फार आवडल्या. कापूस, गीत, सूर्य घेऊ का यात? आणि बरीच मुलं 'पानी', 'लोनी' लिहितात, त्यालाही स्लाइडच?

तिफण (औसा)
तिन्ही आत्ता नको. कापूस – कापसाचा, इथं ऊ ऱ्हस्व होत नाही, जातोच. गीत आणि सूर्य संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून गीताचा, सूर्याचा असे दीर्घच राहतात. आधीच्या जोड्या पक्क्या झाल्यावर यांचा वेगळा संच करा.

'पानी'चं कारण डोळ्यात नाही, आपल्याकडच्या बोलण्यात आहे. बोली चुकीची म्हणू नका. 'घरी पानी म्हणतो, लिहिताना पाणी' एवढंच सांगा. आधी स्लाइड बंद. तुम्ही 'मन' किंवा 'मण' म्हणायचं, 'मण' ऐकला की मुलांनी हात वर करायचा. दोन्ही कानाला वेगळे ऐकू यायला लागले की मग चित्रं दाखवा.

खटका (परभणी)
याच स्लाइड एका कागदावर चार अशा छापून कापून ठेवा. वीज गेली की तीच शब्दपत्ती, आणि पत्ती पालथी घातली की तीच कोरी स्लाइड.