विषय: उत्तर: पुण्यातल्या गॅलरीतलं खत आणि वास

काकू, नमस्कार.
तुम्ही सध्या पुण्यात आहात म्हणून विचारतो. आई-बाबांनी कोथरूडच्या फ्लॅटच्या गॅलरीत ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलंय. पाऊस लागल्यापासून असा वास सुटलाय की शेजारचे काका सोसायटीच्या ग्रुपवर रोज टोमणे मारतात. बंदच करायला सांगू का? वास घालवायची पावडर मिळते म्हणे.
– खजिनदार

खजिनदारसाहेब,
बंद कशाला? आणि पावडरही नको. आधी आईला विचार, वास कसला येतो. कुजक्या अंड्यांसारखा असेल तर आत पाणी साचलंय, हवा पोचत नाही. नाकाला झोंबणारा, अमोनियाचा असेल तर सुकं, म्हणजे पाचोळा-भुशासारखं कोरडं, कमी पडतंय. दोन्हींवर इलाज एकच: सुकं घाला आणि तळापासून हलवा.

जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. भाजीच्या देठांत, सालींत नत्र आणि पाणीच जास्त, कर्ब पाचोळ्यात. पुण्यात पानगळ फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा पोती भरून ठेवली नसतील तर आता जुलैत मिळणार तो भिजका पाचोळा, म्हणजे आगीतून फुफाट्यात. बाबांना भवानी पेठेत टिंबर मार्केटला पाठव, लाकडाचा भुसा आणायला. प्लायवूडचा मात्र नको, त्यात गोंद असतो. एवढ्या लांब जायचा कंटाळा असेल तर नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तेही नाही तर वर्तमानपत्राचे कपटे. जेवढा कचरा तेवढंच सुकं, रोज, वरून झाकेल असं. मूठभर घेऊन पिळलं की जेमतेम एखादा थेंब यावा. धार लागली तर अजून सुकं हवं.

बादलीला भोकं आहेत ना? असूनही बरेच जण ती थेट फरशीवर टेकवतात आणि बुडाची भोकं बुजतात. खाली दोन विटा ठेवायच्या.

उरलेली आमटी, तेलकट, मासळी तूर्तास बादलीत नको; 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात त्यांच्याकडे ओल्या कचऱ्यात द्या. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्याही कचराच खातात.

शेजारच्या काकांना कुंडीसाठी पिशवीभर खत द्यायचं कबूल करून टाका. ग्रुप गप्प होईल.
– काकू

काकू,
भुसा आणला, विटाही लावल्या. बाबा विचारतायत, आंब्याच्या कोयींचं काय करायचं?
– खजिनदार

काढून टाका. सालं तेवढी बारीक चिरून घाला. कोयी काही लवकर कुजायच्या नाहीत, उलट त्यातली एखादी रुजून वर येईल.
– काकू