स्लॅबवर इन्सुलेशन करायचंय, आर व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची ताकद) नक्की कशी बघायची?

अकोलेकर: मंडळी, अकोल्यात वरच्या मजल्यावर राहतो, मे महिन्यात रात्री अकरालाही स्लॅब तापलेलाच असतो, आईला झोप लागत नाही. ५० मिमी एक्सपीएस (दाट फोमच्या) शीटची आर व्हॅल्यू एक दुकानदार १० सांगतो, दुसरा १.७. खरं कोणाचं?

साइटवाला: दोघांचंही दादा, युनिट वेगळं आहे. १० अमेरिकन, १.७ मेट्रिक, अमेरिकन आकड्याला ५.६८ ने भागलं की जुळतं. मेट्रिक आर काढायला जाडी मीटरमध्ये घ्या आणि के व्हॅल्यूने (उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा) भागा, एक्सपीएसचा के साधारण ०.०३, म्हणजे ०.०५ भागिले ०.०३. आता तुमचा स्लॅब बघा, १५० मिमी आरसीसी, के दीडच्या आसपास, आर आला जेमतेम ०.१! एवढा जाड दिसतो पण उष्णता अडवत नाही, उलट दिवसभर साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो, म्हणून शीट स्लॅबच्या वरूनच टाका.

अकोलेकर: आणि थर्माकोल? स्वस्त पडतोय.

साइटवाला: चालेल, के थोडा जास्त म्हणून जाडी थोडी वाढवा, पण जास्त डेन्सिटीचाच घ्या, गच्चीवर वजन येतं आणि साधा थर्माकोल पाणीही जास्त धरतो.

विदर्भकन्या: चकचकीत फॉइलवाल्यांपासून सांभाळून राहा. फॉइलच्या बाजूला हवेची पोकळी हवी, काँक्रीटमध्ये दाबून टाकली तर काही उपयोग नाही. आधी वॉटरप्रूफिंग, मग शीट, सांधे घट्ट बसवून, वर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि पांढरी टाइल. पांढऱ्या टाइलने आर वाढत नाही पण ऊन परत फेकलं जातं, ती सोडू नका.