मदत हवी आहे: बेळगावातून वर्षभराचे ट्रेक कसे आखावेत?

नमस्कार मंडळी. राजहंसगड, वैजनाथ, कलानंदीगड, पारगड इथं आमचा ग्रुप नेहमी जातो. आता देशातले वेगवेगळे भाग चालून बघायचे ठरतंय, पण महिन्यांचा मेळ बसेना.

पावसाळ्यात आपल्याकडं खानापूरच्या जंगलात पाऊल टाकायची सोय नाही, जळवा सोडत नाहीत. तेव्हा ऑगस्टात लडाख धरावं का? तिकडं पाऊस नगण्य, पण लेह सुमारे ३५०० मीटरवर. विमानानं थेट उतरल्यावर विरळ हवा सोसायला किती दिवस नुसतं बसून राहावं? आमच्यातले दोघं पन्नाशी ओलांडलेले आहेत, त्यांना घाई करून चालणार नाही.

दिवाळीनंतर पश्चिम बंगालमधलं संदकफू शिखर (३६३६ मीटर), कारण तेव्हा आकाश स्वच्छ असतं आणि कांचनजंगा दिसते म्हणतात. उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर बर्फासाठी जानेवारीत. तिथं बूट भाड्यानं बरे मिळतात, की इथूनच न्यावेत?

दिल्लीपर्यंत गोवा एक्स्प्रेस आहेच. मेघालयाला मात्र रेल्वेनं जाण्यात अर्धी रजा संपेल असं मला वाटतं. कुणी गेलं असेल तर मार्ग आणि अंदाजे खर्च सांगा. पॅकेजवाल्यांच्या जाहिराती नकोत.