रूट करण्याचा प्रयत्न फसला, फोन कंपनीच्या चिन्हापुढे जात नाही

केळीबागायतदार, ता. रावेर

नमस्कार मंडळी. मळ्यातल्या पंपाच्या खोलीत मी एक फोन कायमचा चार्जरला लावून कॅमेऱ्यासारखा वापरतो. विहिरीवरची मोटर चालू आहे की नाही आणि ठिबकच्या फिल्टरजवळचा दाबमापक किती दाखवतो, एवढे घरबसल्या दिसले की माझे काम भागते, कारण शेतीची वीज कधी दिवसा येते तर कधी मध्यरात्री. याआधीच्या फोनची बॅटरी मागच्या मे महिन्यात फुगली आणि पाठीचे झाकण एका कडेने उचलले गेले. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत बॅटरी सतत 100 टक्क्यांवर ठेवली तर दुसरे काय होणार? म्हणून या फोनचे चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायचे ठरवले. फोनच्या सेटिंगमध्ये तशी सोय नाही आणि त्यासाठी असलेल्या मॉड्यूलला (जोड-प्रोग्रामला) रूट, म्हणजे फोनच्या प्रणालीवर पूर्ण ताबा, लागते.

फोन घेतला तेव्हा त्यात अँड्रॉइड 13 होते, पुढे कंपनीच्या अपडेटने 14 आले. कंपनीच्या रीतसर पद्धतीने बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्राम) अनलॉक केला. त्यात सगळा डेटा पुसला गेला, पण त्याची कल्पना आधीच होती. नंतर एका संकेतस्थळावर माझ्या मॉडेलच्या नावाखाली मिळालेली बूट इमेज (फोन सुरू करणाऱ्या बूट विभागाची फाइल) उतरवून घेतली, मॅजिस्क या रूट देणाऱ्या ॲपमध्ये पॅच केली, म्हणजे तीत हवा तो बदल करून घेतला, आणि संगणकावरून फास्टबूटने फ्लॅश केली, म्हणजे फोनमध्ये लिहिली. पाठवण्याची आणि लिहिण्याची अशा दोन्ही ओळींपुढे ‘ओके’ आले. फोन सुरू केल्यावर मात्र बूटलोडर अनलॉक असल्याची सूचना येते, मग कंपनीचे चिन्ह दिसते, वीसेक सेकंदांनी पडदा काळा होतो, फोन थरथरतो आणि पुन्हा तेच चिन्ह येते. तीच फाइल मी आणखी दोनदा फ्लॅश करून पाहिली, फरक पडला नाही. गावातल्या दुकानदाराचे म्हणणे आहे की बूटलोडर परत लॉक केला की फोन आपोआप पूर्ववत होईल. तसे करावे का? कृपया लवकर सांगावे.

रेल्वेकॉलनी, भुसावळ

भाऊ, सर्वांत आधी एकच सांगतो: बूटलोडर लॉक करू नका आणि कोणाला करूही देऊ नका. आत्ता तो अनलॉक आहे म्हणूनच आपल्याला चुकीची इमेज काढून बरोबर इमेज घालता येणार आहे. लॉक केल्यावर फोन सुरू होताना प्रत्येक विभागाची सही कंपनीच्या किल्लीशी ताडून पाहतो, आणि पॅच केलेली इमेज त्या तपासणीत टिकत नाही. मग फोन सुरूही होत नाही आणि फास्टबूट काही लिहूही देत नाही. अनलॉक असल्याची सूचना हा बिघाड नाही, ती यापुढेही दर वेळी दिसत राहील.

दुसरी गोष्ट, फोन असा पुन्हा पुन्हा सुरू होत ठेवू नका, बॅटरी संपेल. चिन्ह जाऊन पडदा काळा होताच आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरा, फोन फास्टबूटमध्ये थांबेल. बऱ्याच फोनमध्ये तिथे चार्जिंग जवळजवळ होत नाही, म्हणून काम उरकेपर्यंत तिथेच ठेवून देऊ नका. तिथून बंद करा आणि मग चार्जरला लावा.

आता मला तीन गोष्टी हव्या आहेत. ‘फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट’ या आज्ञेला काय उत्तर येते (‘ए’ आणि ‘बी’ या दोन स्लॉटपैकी, म्हणजे जागांपैकी, फोन कोणती वापरतो ते त्यातून कळते)? फोनमध्ये शेवटचा बिल्ड क्रमांक, म्हणजे प्रणालीच्या आवृत्तीचा नेमका क्रमांक, कोणता होता? आणि आपण उतरवलेल्या मूळ बूट इमेजचा आकार किती आहे? तोपर्यंत काहीही फ्लॅश करू नका.

केळीबागायतदार, ता. रावेर

लॉक केलेला नाही, दुकानातून फोन परत आणला. स्लॉटचे उत्तर ‘ए’ आले. फाइलचा आकार 64 एमबी आहे. बिल्ड क्रमांक मिळण्याची आशा नव्हती, पण मॉडेलचे नाव तपासताना धाकट्या भावाने ‘फोनविषयी’ या पानाचा त्याच्या फोनवर फोटो काढला होता, तो सापडला. मी वापरलेल्या फाइलच्या नावातला क्रमांक त्याच्याशी जुळत नाही. शेवटचे चार अंक वेगळे आहेत.

दुरुस्तीवाला, धुळे

त्या चार अंकांतच आपला बिघाड आहे. मॉडेल तेच असले तरी बिल्ड वेगळा असेल तर बूट इमेज चालेलच असे नाही. बूट विभागात कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असतो, आणि त्या कर्नलची अनेक मॉड्यूल्स, म्हणजे पडदा, स्पर्श, वायफाय यांचे ड्रायव्हर, व्हेंडर विभागांमध्ये वेगळी ठेवलेली असतात. आपण जुन्या बिल्डचा कर्नल आत घातला आणि मॉड्यूल्स नव्या बिल्डची राहिली. त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून फोन चिन्हापर्यंत येतो आणि तिथून परत फिरतो. ‘ओके’ याचा अर्थ फक्त एवढाच, की फाइल त्या जागी लिहिली गेली. ती योग्य आहे की नाही, हे फास्टबूट तपासत नाही.

दुसरी चूक आपल्या लक्षात आलेली दिसत नाही. बिल्ड जुळला असता तरी आपला फोन या मार्गाने रूट झाला नसता. अँड्रॉइड 13 सह बाजारात आलेल्या फोनमध्ये रॅमडिस्क (सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या फाइलींचा छोटा संच) बूट विभागातून काढून ‘इनिट बूट’ नावाच्या स्वतंत्र विभागात ठेवलेली असते, आणि मॅजिस्कला हवी असते ती हीच रॅमडिस्क. 12 वर घेतलेला आणि नंतर 13 वर नेलेला फोन असेल, तर त्याची जुनीच रचना कायम राहते. त्यामुळे आज फोनमध्ये काय आहे यापेक्षा तो खोक्यातून निघाला तेव्हा काय होते, हे विचारावे लागते. आकारावरूनही ओळख पटते: बूट इमेज साधारण 64 एमबीची आणि इनिट बूट 8 एमबीच्या आसपास. जुने मार्गदर्शक लेख वाचून काम करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते, त्यात आपला दोष मानू नका.

आता असे करा. फोटोत दिसणाऱ्या बिल्डचेच संपूर्ण फर्मवेअर (कंपनीची मूळ प्रणाली) मिळवा, अक्षर आणि अंक एकूण एक जुळले पाहिजेत. सोबत एसएचए-256 ची बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे तपासायचा आकडा) दिलेली असेल तर विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ने ती ताडून पाहा, कारण अर्धवट उतरलेली फाइलही असाच घोटाळा करते. आत ‘पेलोड डॉट बिन’ (सगळ्या इमेज एकत्र असलेली फाइल) असेल तर पेलोड डंपरने त्यातून बूट आणि इनिट बूट या दोन्ही मूळ इमेज बाहेर काढा. पहिल्यांदा फक्त मूळ बूट इमेज, न पॅच केलेली, बूट विभागात फ्लॅश करा आणि फोन सुरू करा. तो सुरू होऊन नीट चालतो, वायफाय लागते, हे पाहिल्याशिवाय रूटकडे वळू नका. मग इनिट बूट फोनमध्ये न्या, मॅजिस्कमध्ये पॅच करा आणि ती इनिट बूट विभागातच फ्लॅश करा.

संगणकाने फोन ओळखला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो का ते पाहा. दिसत असल्यास फास्टबूटचा ड्रायव्हर बसलेला नाही.

चाळीसगावकर

एवढा खटाटोप करण्याआधी स्लॉट बदलून पाहायला काय हरकत आहे? ‘बी’ स्लॉटमध्ये अपडेटच्या आधीची जुनी प्रणाली असते, ती सुरू होईल. आणि मूळ गरजेबद्दलही विचारावेसे वाटते: भिंतीवर टायमरचा प्लग लावून चार्जर दिवसातून दोन तास चालवला तर रूट करायची गरजच काय?

दुरुस्तीवाला, धुळे

स्लॉटची युक्ती एके काळी खरी होती आणि मी स्वतः तिने कित्येक फोन वर काढले आहेत, पण या फोनला ती लागू होईल असे मला वाटत नाही. अँड्रॉइड 11 पासून व्हर्च्युअल ए/बी ही पद्धत आली. तीत जागा वाचवण्यासाठी सिस्टीमच्या दोन पूर्ण प्रती ठेवत नाहीत. अपडेट यशस्वी झाले की बदल मूळ जागी मिसळून टाकले जातात. बूटसारखे छोटे विभाग दोन राहतात, मोठी प्रणाली मात्र एकच. म्हणून ‘बी’कडे वळल्यावर जुना कर्नल आणि नवी प्रणाली अशीच जोडी पुन्हा समोर येईल. त्याहून वाईट, जुने संपूर्ण फर्मवेअर घालून मागे जाण्याचा मोह कोणी धरू नये. काही फोनमध्ये आवृत्ती मागे नेण्यास प्रतिबंध असतो, आणि तो आडवा आला की साधा बूटलूप (पुन्हा पुन्हा चिन्हावरच येणे) असलेला फोन कायमचा गप्प होतो.

केळीबागायतदार, ता. रावेर

टायमरचा प्लग मी लावून पाहिला होता. वीज गेली की त्याचे घड्याळ जागीच थांबते आणि चार दिवसांत त्याची वेळ कुठल्या कुठे जाते. शिवाय आमच्याकडे वीज कधी येईल हेच ठरलेले नसल्याने, नेमलेल्या दोन तासांत वीजच नसली की फोन बंद पडतो. म्हणून फोनने स्वतःच थांबावे अशी सोय हवी.

फर्मवेअर उतरवायला लावले आहे. आमच्या नेटवर ते सकाळपर्यंत होईल.

रेल्वेकॉलनी, भुसावळ

तोवर एक सुचवतो. रूट झाल्यावर त्या फोनवर बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप ठेवू नका. अशी ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीवर (फोनमध्ये फेरफार झाला आहे का हे ती पाहते) अवलंबून असतात आणि अनलॉक फोनवर ती बहुधा अडून बसतात. तपासणी चुकवण्याचे मार्ग लोक सांगतात, पण ज्या फोनला आपण पैशांचे व्यवहार सोपवतो तो असा मोकळा ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. पंपाच्या खोलीतल्या फोनला त्याची गरजही नाही.

आणि स्वयंचलित अपडेट बंद ठेवा. अपडेट घ्यायचेच असेल तर आधी मॅजिस्कमधून मूळ इमेज परत बसवा. अपडेटनंतर नव्या बिल्डची इनिट बूट नव्याने पॅच करावी लागेल, जुनी पॅच केलेली फाइल पुन्हा वापरू नका.

केळीबागायतदार, ता. रावेर

फोन सुरू झाला. मूळ बूट इमेज फ्लॅश केल्यावर पहिल्याच वेळी चिन्हापुढे गेला, मात्र त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला आणि तेवढ्यात आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. वायफाय, कॅमेरा, स्पर्श सगळे तपासले आणि संध्याकाळी इनिट बूट पॅच करून घातली. बाहेर काढलेली इमेज बरोबर 8 एमबीची निघाली, धुळ्याच्या दादांनी सांगितले होते तशीच. मॅजिस्कमध्ये ‘इन्स्टॉल्ड’पुढे आता आवृत्तीचा क्रमांक दिसतो, आधी तिथे काहीच नव्हते.

चार्जिंगच्या मॉड्यूलला 80 वर थांबायचे आणि 70 वर पुन्हा सुरू करायचे असे सांगितले आहे. काल रात्री अकराला वीज आली. पहाटे खोलीत जाऊन पाहिले तेव्हा चार्जर लावलेला होता, आकडा 80 वर थांबला होता आणि फोनची पाठ हाताला थंड लागत होती. दोन्ही मूळ इमेज बिल्ड क्रमांकाच्या नावाने संगणकावर आणि पेनड्राइव्हवर ठेवल्या आहेत, आणि ‘फोनविषयी’ पानाचा फोटो छापून त्या खोलीच्या भिंतीवर चिकटवला आहे. भुसावळच्या भाऊंचे आणि धुळ्याच्या दादांचे मनापासून आभार.