मदत हवी आहे: कॉलेजात मुलाचं मन रमेल की नाही, हे आधी कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला दोन कॉलेजांत प्रवेश मिळतोय. विषय तोच, शिक्षक दोन्हीकडे चांगले, खर्चातही फारसा फरक नाही. अडलंय ते एकाच गोष्टीवर, की तो रुळेल कुठे? घरच्यांना हा प्रश्न दुय्यम वाटतो. मला वाटत नाही. मी पदवीला रोज ये-जा करायचे. शेवटचा तास संपला की बस गाठायची घाई. दोन वर्षं वर्गातल्या सगळ्यांची नावं तोंडपाठ होती, पण मी चार दिवस आले नाही तर "काय गं, कुठे होतीस?" असं विचारणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या वर्षी आजारपणात तास बुडाले तेव्हा नोट्स कोणाकडे मागाव्यात हेच सुचेना, आणि एक विषय राहिला. भाऊ तर माझ्याहून बुजरा. आपणहून कोणाशी बोलायला जाणार नाही, पण एकदा ओळख झाली की जीव लावतो.

आम्ही दोन्ही कॉलेजं पाहून आलो. पहिलं खूप मोठं. माहितीपत्रकात पानभर मंडळांची नावं: नाट्य, वादविवाद, गिर्यारोहण, काय नि काय. सूचनाफलकही गच्च भरलेला. जवळ जाऊन वाचलं, तर बहुतेक कागदांवर मागच्या सत्रातल्या तारखा. साडेचारला बस सुटल्या आणि पाच वाजता मैदानात चिटपाखरू नव्हतं.

दुसरं लहान, जवळजवळ सगळे वसतिगृहात राहणारे. मंडळं मोजून पाच-सहा. पण वसतिगृहाच्या मजल्यावर अर्ध्या खोल्यांची दारं उघडी होती. एक मुलगा उंबऱ्यात बसून सायकलची चेन बसवत होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबून काहीतरी सल्ला देऊन जात होता. भाऊही थांबला. दहा मिनिटं! मी त्याला अनोळखी माणसाशी इतका वेळ बोलताना पाहिलेलं नाही.

समाजशास्त्रात शिकलेला एक अभ्यास तेव्हा आठवला. फेस्टिंजर, शॅक्टर आणि बॅक या संशोधकांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीबद्दल लिहिलं होतं. तिथे कोणाची कोणाशी मैत्री झाली हे स्वभावापेक्षा कोणाचं दार कोणाच्या दाराशेजारी आहे, यावर बरंच ठरलं होतं. अलीकडे जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने मांडलेला हिशोबही असाच: नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, आणि जिवलग मैत्रीला २०० च्या वर. आठवड्यातून एकदा तासभर भरणाऱ्या मंडळात हे तास कधी भरायचे? म्हणून मंडळं मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. संध्याकाळी पाच ते रात्री दहा मुलं कुठे असतात, हे जास्त महत्त्वाचं.

तरी दुसऱ्या कॉलेजाची एक धास्ती आहे. लहान जागी सुरुवातीलाच गट पडले आणि हा बाहेर राहिला तर जायचं कुठे? मोठ्या ठिकाणी निदान दुसरा कंपू शोधता येतो. शिवाय आम्ही गेलो तो बुधवार होता. शनिवार-रविवारी वसतिगृह ओस पडत असेल तर सगळं चित्रच बदलतं.

लहान निवासी कॉलेजात शिकलेल्यांनी कृपया सांगा, पहिल्या सत्रात गटाबाहेर राहिलेल्या मुलांचं पुढे काय झालं? वर्षाच्या मध्येच खोली किंवा मजला बदलून मिळायचा का? आणि मोठ्या कॉलेजात रोज ये-जा करूनही ज्यांना घट्ट मित्र मिळाले, त्यांना ते नेमके कुठे भेटले: प्रयोगशाळेत, बसमध्ये, ग्रंथालयात? आम्ही पाहिलेल्या कॉलेजांत शिकणाऱ्या दोन मुलांशी उद्या फोनवर बोलायचं ठरलंय. "कॉलेज कसं आहे?" विचारलं की सगळे "मस्त" म्हणतात, म्हणून मी "काल संध्याकाळी तू काय केलंस?" असं विचारणार आहे. आणखी काय विचारावं तेही सुचवा.

शुक्रवारपर्यंत प्रवेश पक्का करायचा आहे.