तोरिनोमध्ये उत्तम कॉफी आणि कॉकटेल कुठे मिळेल?

भीमाकाठ:
नमस्कार. रांजणगावच्या मोटार कारखान्यातील कामानिमित्त येत्या ऑक्टोबरात मला इटलीतील तोरिनोला, म्हणजे ज्या शहराला आपण तुरिन म्हणून ओळखतो तिथे, जावे लागणार आहे आणि काम आटोपल्यावर पत्नी व सासूबाई मला तिथेच येऊन मिळणार आहेत. पत्नीला कॉफीची चांगली पारख आहे आणि मला कॉकटेलची आवड आहे. सासूबाई मद्य घेत नाहीत व शाकाहारी आहेत, पण जुन्या वास्तू आणि परक्या गावच्या रीती पाहण्याची त्यांना मनापासून हौस आहे. दिवसभर राजवाडे आणि संग्रहालये पाहून दमल्यावर समोर दिसेल त्या दुकानात शिरण्यापेक्षा शहराच्या इतिहासाशी नाते असलेली ठिकाणे आधीच हेरून ठेवावीत, असे वाटते. कॉफी कुठे प्यावी, संध्याकाळी कुठे बसावे आणि आम्हा तिघांना एकाच टेबलाशी आनंद घेता येईल असे काही आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कमानीखाली:
तोरिनोसाठी कॉफीची एक यादी आणि कॉकटेलची दुसरी, अशी विभागणी करू नये, ही माझी पहिली विनंती. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकत असताना मी जे पाहिले ते असे की, सकाळी ज्या काउंटरवर एस्प्रेसो, म्हणजे दाबाखाली झटपट काढलेली दाट कॉफी, मिळते त्याच काउंटरवर संध्याकाळी सहानंतर व्हर्मूथ या वनस्पतींनी सुगंधित केलेल्या वाइनचे पेले मांडले जातात, आणि ही प्रथा काही अलीकडची नाही. १८८४ साली तोरिनोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात आंजेलो मोरिओन्दो याने वाफेच्या दाबावर झटपट कॉफी काढणारे यंत्र मांडले आणि त्याच वर्षी त्याचे पेटंटही घेतले. हा गृहस्थ स्वतः एक हॉटेल आणि ‘अमेरिकन बार’ नावाचे कॅफे चालवीत होता. ते यंत्र त्याने बाजारात न आणता स्वतःच्या ठिकाणांपुरतेच वापरले, त्यामुळे एस्प्रेसोचे श्रेय पुढे मिलानच्या कारखानदारांकडे गेले. तोरिनोकरांना याची रुखरुख आजही आहे आणि ती मला रास्त वाटते.

आपण सुरुवात कोन्सोलाता या देवालयासमोरच्या ‘आल बिचेरिन’पासून करावी. १७६३ साली सुरू झालेले हे कॅफे अगदी लहान आहे. आत मोजकी संगमरवरी टेबले आणि लाकडी तावदानांच्या भिंती आहेत. इथले बिचेरिन हे पेय लहानशा काचेच्या पेल्यात येते आणि त्यात तळाला घट्ट गरम चॉकलेट, त्यावर कॉफी आणि सर्वांत वर हलकेच फेटलेली थंड साय असते. ते ढवळायचे नाही. पेला तसाच ओठांना लावला की आधी सायीचा गारवा लागतो, मग तिच्याखालून कडसर गरम कॉफी येते आणि शेवटी चॉकलेट जिभेवर रेंगाळते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चॉकलेट हे पेय मानले जाई, अन्न नव्हे, त्यामुळे देवळातून बाहेर पडलेल्या भाविकांना ते चालत असे. आपल्या सासूबाईंना ही उपवासाच्या पदार्थांची चर्चा नक्कीच ओळखीची वाटेल. इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार कावूर हाही या कॅफेत येत असे. शनिवार-रविवारी बाहेर रांग लागते, म्हणून मधल्या वारी सकाळीच जावे.

तिघांनी निवांत बसायचे असेल तर पियात्सा कास्तेल्लो या चौकाला लागून असलेल्या काचेच्या छताच्या गॅलेरिया सुबाल्पिनामधील ‘बाराती ए मिलानो’ मला सर्वांत सोयीचे वाटते. त्याच चौकातील ‘मुलास्सानो’ हे १९०७ सालच्या सजावटीचे कॅफे मात्र चुकवू नये, मग उभे राहावे लागले तरी चालेल. त्रामेझ्झिनो हे कडा कापलेल्या मऊ पावाचे त्रिकोणी सँडविच १९२६ साली याच काउंटरवर प्रथम मिळू लागले. त्यात मासे आणि मांसाचे प्रकार पुष्कळ असल्यामुळे मागवण्यापूर्वी आत काय आहे ते विचारून घ्यावे.

दरांविषयी एकच सांगते. इटलीत काउंटरपाशी उभ्याने कॉफी घेतली तर ती साधारण दीड युरोच्या आसपास पडते, पण तीच टेबलाशी बसून घेतली की दर बराच चढतो. ही फसवणूक नसून तिथली रीत आहे. दरपत्रक लावलेले असते, ते बसण्यापूर्वी पाहावे.

काळीकॉफी:
वरील माहिती उत्तम आहे, परंतु कॉफीच्या बाबतीत मी थोडा मतभेद नोंदवतो. ऐतिहासिक कॅफेंमध्ये वास्तू, शिष्टाचार आणि चॉकलेट यांचा दर्जा वादातीत असला तरी एस्प्रेसो बहुतेक ठिकाणी गडद भाजलेल्या मिश्रणाची असते आणि आपल्या पत्नींना एकाच मळ्याच्या, हलक्या भाजणीच्या कॉफीची सवय असेल तर ती त्यांना कडू वाटण्याची शक्यता आहे. त्यासाठी रेल्वे स्थानकाजवळच्या सान साल्वारिओ भागात जावे. तिथे नव्या पिढीचे लहान भाजणीवाले आपल्याशी बियांविषयी बोलायला तयार असतात.

तरीही गडद मिश्रणाला कमी लेखू नये असेच मी म्हणेन. त्या कपावर जो दाट तपकिरी फेस येतो त्यात रोबस्टा या कडक जातीच्या कॉफीबियांचा मोठा वाटा असतो, आणि भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक कित्येक वर्षे इटलीच राहिलेला आहे. कोडगू आणि चिकमंगळूरच्या मळ्यांतील रोबस्टा तिथल्या मिश्रणांत जाते, त्यामुळे तोरिनोतल्या एखाद्या कपात आपल्या मातीची चव असणे अगदी शक्य आहे. लुइजी लावाझ्झाने १८९५ साली सान तोम्मासो रस्त्यावर किराणा दुकान काढले आणि निरनिराळ्या बिया एकत्र करून विकायला सुरुवात केली, तिथून मिश्रणाची ही परंपरा मोठी झाली. त्या कंपनीचे संग्रहालय शहरातच आहे आणि कॉफीची पारख असणाऱ्याने त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

द्राक्षबाग:
मी नाशिकच्या वाइन व्यवसायात आहे, म्हणून संध्याकाळविषयी लिहितो. तोरिनोत जाऊन प्रथम कॉकटेल मागवू नका. प्रथम नुसता व्हर्मूथ मागवा, थंड, बर्फाचा एखादा खडा आणि संत्र्याची साल घालून. आन्तोनिओ बेनेदेत्तो कार्पानो याने १७८६ साली याच शहरात आधुनिक गोड व्हर्मूथ विकायला आणला असे मानले जाते, आणि आज जगभरच्या बारमध्ये होणारी निम्मी अभिजात कॉकटेल त्याच्यावाचून उभीच राहणार नाहीत. व्हर्मूथ म्हणजे वनस्पतींच्या अर्काने सुगंधित केलेली आणि मद्यार्काने थोडी तीव्र केलेली वाइन. तिच्यात किमान ७५ टक्के वाइन असावी लागते आणि आर्टेमिसिया ही कडू वनस्पती अनिवार्य असते. चैत्रात आपण जोतिबाला जो दवणा वाहतो तोही याच आर्टेमिसिया प्रजातीतला आहे, त्यामुळे पेला नाकाशी नेताच त्यातली एक छटा आपल्याला परिचयाची वाटेल. ‘व्हर्मूथ दी तोरिनो’ला भौगोलिक मानांकन असून २०१७ च्या नियमांनुसार त्यातील आर्टेमिसिया पियेमोन्ते या तोरिनोच्याच प्रांतातली असावी लागते आणि मद्यार्क १६ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान असतो.

ही चव जिभेवर बसली की मग ‘मिलानो-तोरिनो’ घ्या. काम्पारी हे मिलानचे कडू लाल मद्य आणि तोरिनोचा व्हर्मूथ समभागाने, इतकेच त्याचे स्वरूप आहे. त्यात सोडा घातला की अमेरिकानो होते आणि सोड्याऐवजी जिन घातली की नेग्रोनी होते. ही तीन कॉकटेल याच क्रमाने, शक्यतो वेगवेगळ्या संध्याकाळी घेतली तर व्हर्मूथ प्रत्येकात काय काम करतो ते आपोआप कळते. पियात्सा व्हित्तोरिओ व्हेनेतोच्या कमानींखाली अशी पुष्कळ ठिकाणे आहेत, परंतु व्हर्मूथचे अनेक प्रकार शेजारी-शेजारी चाखायचे असतील तर सान साल्वारिओतील ‘अफ्फीनी’चा विचार करावा. एक दुपार मोकळी असेल तर किएरीजवळच्या पेस्सिओने गावी मार्तिनी कंपनीचे वाइन संग्रहालय अवश्य पाहावे.

भीमाकाठ:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दवण्याचा उल्लेख सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी संध्याकाळी आमच्यासोबत येण्याचे लगेच कबूल केले. आता दोन शंका उरतात. आम्ही पेला हाती घेतल्यावर त्यांनी केवळ पाणी पीत बसू नये असे वाटते, तर त्यांच्यासाठी काय मागवावे? आणि व्हर्मूथची बाटली मायदेशी आणता येईल का?

कमानीखाली:
त्यांच्यासाठी ‘क्रोदीनो’ मागवावे. हे नारिंगी रंगाचे, कडू-गोड, पूर्णपणे मद्यविरहित पेय याच प्रांतातील क्रोदो गावचे असून ते लहान बाटलीत मिळते आणि पेल्यात बर्फ व संत्र्याची फोड घालून दिले जाते, म्हणजे टेबलावर त्यांचाही पेला आपल्या पेल्यांइतकाच देखणा दिसेल. सोबत येणाऱ्या ऑलिव्ह आणि दाण्यांत मांस नसते, परंतु ग्रिस्सीनी या कुरकुरीत पावकाड्यांत कधी कधी डुकराची चरबी असते. शिवाय ग्रिस्सीनीला कधी कधी हॅम गुंडाळलेले असते आणि लहान पावांवर अँकोव्ही मासा असतो, म्हणून आल्या आल्याच शाकाहारी असल्याचे सांगून ठेवावे.

द्राक्षबाग:
प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना भारतात आणता येते. बाटल्या कपड्यांत नीट गुंडाळून मोठ्या सामानात ठेवाव्यात, कारण सुरक्षा तपासणीत त्या हातातल्या पिशवीतून जाऊ देत नाहीत. आणि घरी उघडल्यावर व्हर्मूथ इतर मद्यांसारखा कपाटात ठेवू नये. ती वाइन आहे, उघडी पडली की उतरत जाते. बाटली फ्रिजमध्ये ठेवून महिन्या-दीड महिन्यात संपवावी.