मदत हवी आहे: ताईचा एचपीव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह, सासरी संशय घेताहेत

तापीकाठची:
आम्ही यावल तालुक्यातले. मोठ्या बहिणीचं सासर चोपड्याकडे, वय ४१, लग्नाला एकवीस वर्षं झाली. तीन महिन्यांपासून तिच्या अंगावरून पांढरं जातंय, संबंधानंतर रक्ताचा डागही दिसतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तिनं ते अंगावरच काढलं. शेवटी मी तिला जळगावला नेलं. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली आणि एचपीव्ही नावाचा विषाणू निघाला, १६ नंबरचा. आता दुर्बिणीतून बघून तुकडा तपासायचा आहे.

"हा विषाणू संबंधातून येतो", एवढं एकच वाक्य जिजाजींनी तिथं ऐकलं आणि तेव्हापासून ते तिच्याशी बोलत नाहीत. ते ट्रकवर असतात, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सासूबाई उठता-बसता विचारतात, "हाई घरमा कथाईन उनं?" (हे घरात कुठून आलं?) ताई म्हणते, मला पुढची तपासणीच नको. शेजारणी सांगतात, पिशवीच काढून टाक. हा विषाणू कधी लागला ते कळतं का? पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच का? भाचीला, वय १३, लस द्यायची का? कृपा करून कुणीतरी सांगा. ताई रात्र रात्र झोपत नाही.

निवृत्त परिचारिका, धुळे:
बेटा, आधी जिजाजींना हे वाचून दाखव. विषाणू कधी आणि कोणाकडून आला हे जगातली कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तो शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे त्याच्याकडून आला तरी त्याला पत्ता नसतो. संबंध येणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही लागतोच. या रिपोर्टावरून बाईच्या चारित्र्याबद्दल काहीही ठरत नाही. ओपीडीत मी अशा कितीतरी बायका मान खाली घालून बसलेल्या पाहिल्यात, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

दहापैकी नऊ जणींचं शरीर हा विषाणू दोनेक वर्षांत स्वतःच घालवतं. जिच्यात तो ठाण मांडतो, तिथं त्याची प्रथिनं पेशीच्या वाढीला लगाम घालणारी यंत्रणा निकामी करतात. पेशी आधी बिघडतात आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असेल तर धोका सहापट होतो आणि वेळही कमी मिळतो, म्हणून ती तपासणीही करून घ्या. विडी-सिगारेटनंही धोका वाढतो.

म्हणजे पॉझिटिव्ह हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. पण १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळेच या कॅन्सरची सुमारे ७० टक्के प्रकरणं होतात, शिवाय ताईला रक्त जातंय. तपासणी एक दिवसही पुढे ढकलू नका.

तुकड्याचा रिपोर्ट येण्याआधी पिशवी अजिबात काढायची नाही. पेशी नुसत्या बिघडलेल्या असतील तर बहुतेकदा तोंडाचा तेवढाच भाग तारेनं काढतात आणि पिशवी शाबूत राहते. कॅन्सर निघाला तर ऑपरेशन वेगळं असतं, कधी शेक (रेडिएशन) द्यावे लागतात. आधीच घाईनं पिशवी काढली की पुढचे उपचार अवघड होतात.

भाचीला लस जरूर द्या. ९ ते १४ हेच योग्य वय. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक लसही मिळते. ताईचा आत्ताचा संसर्ग मात्र लसीनं जाणार नाही.

आणि सासूबाईंना सांग, आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत लाखावर बायकांचा अभ्यास झाला होता, २००९ साली तो छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

गाडीवाला, शिरपूर:
मीपण ड्रायव्हर आहे. बायकोचा असाच रिपोर्ट आला तेव्हा पंधरा दिवस मी घरात जेवलो नाही. मग डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून विचारलं, "तुम्ही स्वतःबद्दल खात्री देता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या प्रत्येक तपासणीला मी सोबत गेलो. ती आज ठीक आहे. तुमच्या जिजाजींशी मी बोलतो, मला निरोप पाठवा. गाडीवाल्याचं गाडीवाला ऐकेल.

तापीकाठची:
तुमचे खूप आभार. वरचं सगळं ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती खूप वेळ रडली, मग म्हणाली, बुधवारी जाऊ. दादा, तुम्हाला निरोप पाठवलाय, जिजाजी रविवारी घरी येतील. मावशी, तुकडा घेताना दुखतं का, आणि त्यानंतर तिला किती दिवस शेतात पाठवायचं नाही? सासूबाईंना आधीच सांगून ठेवावं लागेल.